चोराचं नाव अंबादास

घाटकोपर, १२ ऑगस्ट

चि. सौरभ यास मालनआत्याचे आशीर्वाद. रागात लिहिले असले तरी आशीर्वादच समज.

फोन उचलत नाही म्हणून कुरकुरू नकोस. माझा आवाज चढला की तुझं नेटवर्क जातं. कागदाचं जात नाही.

काल तू लिहिलेल्या मालिकेचा पहिला भाग आम्ही बिल्डिंगच्या हॉलमध्ये एकत्र पाहिला. शेजारच्या मीराने सगळ्यांसाठी भजी तळली होती. दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, हेरकथा टीव्हीवर येणार म्हणून वरच्या मजल्यावरचा आपला अंबादास इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या खुर्चीत बसला होता. हेर पेडणेकर रुबाबदार दिसतो, सुरुवात झकास होती. गोष्टीतला दूधवाला अंबादास पडद्यावर आला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि शेवटी त्यालाच बेड्या! दागिने चोरताना शेटाणीचा गळा म्हणे त्यानेच आवळला.

मेल्या, बापाची रीत तुला ठाऊक नव्हती? गिरणीतून आला की दादा आपल्या जुन्या चाळीत दारोदार विचारायचा, तुमचं नाव गोष्टीत घालू का? लोक हौसेने हो म्हणायचे. कारण गुन्हेगार कधी मुनीम बनून वावरायचा, कधी डॉक्टर, पण शेवटी त्याचं खरं नाव धाकूच, म्हणजे दादाचं स्वतःचंच, निघायचं. दादाने आळ स्वतःच्या नावावर घेतला, शेजाऱ्यावर कधी घातला नाही. त्याच भरवशावर लोकांनी नावं दिली.

अंबादास भज्यांना हात न लावता उठून गेला. आज क्लासमध्ये पोरांनी त्याच्या नातीला, मनालीला, खुन्याची नात म्हणून चिडवलं. जिन्यात भेटला तर माझ्याकडे बघितलं नाही त्याने. तुझी आई आजारी होती तेव्हा बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून तू त्यांच्याच घरी जेवायचास, ते विसरलास. चोराचं नाव बदल. तोवर इथे पाय ठेवू नकोस.

लोभ आहे, पण सध्या कडू आहे.
मालनआत्या

अंधेरी, १७ ऑगस्ट

ती. मालनआत्यास सौरभचा शि. सा. नमस्कार.

आत्या, जरा शांत हो ना. मी मुद्दाम नाही केलं. चोर दरवेळी धाकूच निघाला तर दोन भागांत लोक ओळखतील, म्हणून चॅनेलला प्रत्येक वेळी वेगळा चोर हवा होता. मीटिंगमध्ये दूधवाल्याचं ठरलं आणि मी मान हलवली. अंबादासकाका स्वतः बघायला बसतील हे डोक्यातच आलं नाही. खरंच चुकलं.

तुझं पत्र आल्यावर मी निर्मातीबाईंना, गार्गीला, भेटलो. म्हटलं, हा भाग पुन्हा दाखवाल तेव्हा बाबांसारखं लेखकाचंच नाव द्या, चोराला सौरभ म्हणा. ती हसायलाच लागली. म्हणाली, सौरभ चांगल्या घरातलं नाव वाटतं, प्रेक्षकांना पटणार नाही. अंबादास बरोबर बसतं. मग मी काय बोलणार? नोकरी आहे, यार. काकांना तूच समजाव. टीव्हीच आहे, लोक आठवड्यात विसरतात.

राग सोडावास, एवढीच विनंती.
तुझा सौरभ

घाटकोपर, २१ ऑगस्ट

चि. सौरभ यास आशीर्वाद. या वेळी त्याहून जास्त काही मिळणार नाही.

पहिलं पत्र लिहिताना मला वाटलं होतं, पोरगा वेंधळा आहे. आता तसं वाटत नाही. सौरभ चांगल्या घरातलं आणि अंबादास बरोबर बसतं, हे त्या बाईने तुझ्या तोंडावर सांगितलं. आणि सेटवर चहा गार मिळाला असावा तसं तू मला कळवतोस! का बसतं, ते विचारलंस तिला? नाही विचारलंस, कारण उत्तर तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. अंबादासचं नाव आणि आडनाव ऐकल्यावर माणसांचे चेहरे कसे बदलतात, ते मी त्याच्या शेजारी राहून जन्मभर बघत आले. त्याला दादाच्या गोष्टीतच तेवढा मान होता, तोही तू काढून घेतलास.

आणि मी समजावू? माझी जीभ रेटणार नाही. पाय ठेवू नकोस म्हटलं होतं, ते मागे घेते. रविवारी ये. माझ्याकडे नको, सरळ वरच्या मजल्यावर जा. दार मनाली उघडेल. गार्गीबाईंचं ते वाक्य तिच्यासमोर जसंच्या तसं म्हणून दाखव. तुला ते म्हणता आलं, तर टीव्हीच आहे हे मीही मानेन. आणि नाही म्हणता आलं, तर नोकरीचं काय करायचं हे मला विचारू नकोस.

तुझी, दादाची बहीण,
मालन