चौदाव्या मजल्याच्या चतुःसीमा

मी, परशराम भरमू हलगेकर, वय एकाहत्तर, मच्छे गावच्या कारखान्यातून निवृत्त टर्नर, राहणार अनगोळ, बेळगाव, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा साईराज याच्याकडे तसा दाखला मागू नये.

१. साईराजने दुबईत चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे. इमारत अजून चौथ्या मजल्यावर आहे. पुढचे हप्ते भागवायला अनगोळचं राहतं घर बँकेला तारण द्या, म्हणून तो माझ्या मागे लागला आहे. त्यासाठी हा कागद.

२. आमच्याकडे जागा घेणारा आधी जागेवर जाऊन उभा राहतो, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारतो, मग इसार देतो. साईराजने बेळगावच्या हॉटेलात बिल्डरचं फुकटचं जेवून, इमारतीचं चित्र बघून इसार दिला. मी चतुःसीमा विचारल्या. म्हणाला, "आप्पा, सी-व्ह्यू हाय." म्हणजे पूर्वेस हवा, पश्चिमेस हवा, दक्षिणेस हवा आणि उत्तरेस बिल्डरचा बोर्ड. वकिलांनी हे असंच लिहू का म्हणून विचारलं. लिहा म्हटलं.

३. मला कन्नड चांगलं वाचता येतं. तरी उतारा मराठीत द्या म्हणून मी कचेरीत जन्मभर भांडलो. पाणीपट्टीची कन्नड नोटीस न वाचता परत केली, तेव्हा नळही तोडून घेतला. अशा बापाच्या पोरानं अरबी कागदावर सही केली! "काय लिवलंय रं त्यात?" म्हटलं, तर म्हणे, "एजंट लई चांगला हाय." तिथला कायदा काय, भाडेकरू मिळणार का, रुपया घसरला तर हप्ता कुठं जाणार, हे विचारलं की मी जुन्या विचारांचा. तिकडच्या फ्लॅटला हे मृत्युपत्र चालेलच असं नाही, असं वकील म्हणतात. इथला सीमाप्रश्न मिटेना, तोवर यानं तिसरा देश घरात आणला.

४. पतसंस्थेतली ठेव मुलगी दिपाली हिला. तिने कधी काही मागितलं नाही.

५. माझा पन्नास फुटी टेप साईराजला. पुढची जागा स्वतः मोजून घ्यावी. त्याचा मला राग आहे, पण काळजी त्याहून जास्त आहे.

६. अनगोळचं घर पत्नी रुक्माबाई हिला पूर्ण मालकीहक्काने. विकणे, ठेवणे, तारण देणे तिच्या एकटीच्या मर्जीवर. या वयात तिच्यावर भाड्याच्या खोलीत जायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

वरील मजकूर रुक्माबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "सगळं बुडवून पोरगं दारात आलं तर वो?"

म्हटलं, "घर तुझं. तू ठरव."

ती म्हणाली, "करा सही. येऊ दे त्याला. जेवाय वाढीन, हातरून घालीन. कागद पुढं केला, की मला लिवाय-वाचाय येत न्हाय म्हणून सांगीन."

रुक्माबाई सातवी पास आहे.

(सही) परशराम भरमू हलगेकर

साक्षीदार:
१. (सही) नागेंद्र देवाप्पा चौगुले, शेजारी, पूर्वेकडचे
२. (सही) मारुतीराव यल्लाप्पा मोरे, शहापूर

ठिकाण: अनगोळ, बेळगाव
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५