कुरडया अखंड पोचल्याबद्दल

नाशिक

तीर्थरूप मायच्या चरणी श्रीधरचा दंडवत.

आधी तक्रार. तुझ्या शेजारच्या देवानंदच्या हाती पाठवलेली एकही कुरडई मोडली नाही. आजवर आपला रिठद-वाशीम राज्यमार्ग त्यांचा भुगा करूनच धाडायचा. कुरडई चमच्यानं खायची असते, असंच तुझ्या सुनेला वाटत होतं!

म्हणजे सिमेंटचा रस्ता खरंच झाला. आजोबांच्या वेळी गाडवाट, बाबांच्या वेळी मुरूम, माझ्या शाळेच्या वयात खड्ड्यांचं डांबर, आणि आता हा. देवानंद सांगतो, "भाऊ, ट्रक निरे उडून राह्यले."

आणि तू अजून हात वर करून, न बघता रस्ता ओलांडून पलीकडच्या गोठ्यात जातेस म्हणे. फोनवर हसलीस, "मले कोन धडकते? सारे डायवर वयखतेत मले." माय, तुला ओळखायचे ते एसटीचे होते. आणि थांबायचे ते खड्ड्यासाठी. मान तुला मिळायचा.

म्हैस अलीकडे बांध ना. गुडघ्याला तेल लावतेस का?

आम्ही इथे खुशाल आहोत. पण खरं सांगतो, हल्ली फोनवर देवानंदचं नाव दिसलं, की तो उचलायची मला भीती वाटते.

तुझा,
श्रीधर