मसाल्यातला अंगठा

आई,

तुला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि आज मी मलावीतल्या एका डोंगराळ गावातून तुला लिहायला बसले आहे. दोन वर्षांसाठी आले, बिनपगारी, इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून. तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस, "फुकट काम? काहून वं? कोणी फसवून तर नाही राहिलं ना तुले?" निघताना सगळ्यांनी कौतुक केलं, हार घातले; संशय घ्यायला मात्र तू हवी होतीस. कारण खरं सांगते, चौथ्या महिन्यातच माझं मन इथून उठलं. आता जून चालू आहे, इथे कडाक्याची थंडी, आणि मला हवा असतो आपल्या नंदनवन कॉलनीतल्या घरातला कूलर. त्याचा खडखडाट, ओल्या खसचा वास, त्याच्यासमोर गार फरशीवर पाठ टेकून काढलेली दुपारची झोप. सकाळी चौकातले तर्री पोहे आठवले की इथला पाव घशाखाली उतरत नाही. पेशंटचं बीपी घेता घेता माझ्या डोक्यात आपल्या कुकरची शिट्टी वाजते. सेवा करायला आलेल्या बाईनं असं लिहावं का? पण आहे हे असं आहे.

घरचं म्हणावं असं माझ्याजवळ एकच होतं, तुझा तो कडीचा स्टीलचा डबा. मी नर्सिंगच्या होस्टेलला निघाले तेव्हा तूच दिलेला. या वेळी वहिनीनं त्यात तुझ्या हातच्यासारखा काळा मसाला भरून दिला. तुझी रीत आठवते ना? मसाला भरला की वाटीच्या बुडानं वरून सपाट करायचा आणि मधोमध अंगठा दाबायचा. ठसा मोडला म्हणजे कोणीतरी हात घातला. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "आई, घरात तर आपणच आहोत, चोरणार कोण?" तू मान वर न करता म्हणालीस, "म्हणूनच वं." आणि वर ऐकवलंस, "माणूस खोटं बोलते, डबा नाही बोलत." तू दुधात बोट बुडवून पाहायचीस, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघायचीस. मला गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले तेव्हा पेढे राहिले बाजूला, "कोणाचं पाहून लिहिलं?" म्हणून मलाच उभं केलंस. त्या दिवशी मी जेवले नव्हते. ठरवलं होतं, आयुष्यात काहीही होईन, पण तुझ्यासारखी होणार नाही.

आणि इथे काय झालं? पहिल्याच दिवशी डबा फळीवर ठेवताना माझा अंगठा आपोआप मसाल्यात गेला. आमच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकाला एक बाई यायची, माझ्याच वयाची, काम करता करता मोठ्यानं चर्चमधली गाणी म्हणणारी. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि उकडलेला घेवडा, हे रोजचं जेवण. मी त्यावर मसाला भुरभुरवते, वरून सपाट करते, ठसा उमटवते आणि ड्यूटीवर जाते. दुपारी येऊन पाहते तर ठसा गायब. एकदा नाही, दोनदा नाही, सलग आठवडाभर. झालं, माझं डोकं फिरलं. ती हसली तर वाटायचं, पचलं म्हणून हसते. गप्प बसली तर वाटायचं, चोराच्या मनात चांदणं. एकदा तर तिनं खुंटीला टांगलेल्या ओढणीचा मी वास घेऊन पाहिला, आई! शेवटी दवाखान्याच्या प्रमुख मॅडमकडे गेले. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की?" आणि बजावलं की इथे नियम कडक आहे, तक्रार खोटी निघाली तर तुम्हाला परत पाठवावं लागेल. मी म्हटलं, नक्की. बाईला बोलावलं. तिनं स्वयंपाकघराची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालतं, हे मला माहीत होतं.

तीन आठवड्यांनी ती बाजारात टोमॅटो विकताना दिसली. मी तोंड फिरवलं, तर तिनंच हाक मारली. "सिस्टर, आता तरी सांगा, तो अंगठा कोणासाठी होता?" मला काही उमगेना. मग तिनं सांगितलं. मीठ शोधताना तिनं डबा उघडला, तर काळ्या भुकटीत माणसाचा अंगठा. पुसला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिला वाटलं, मी तिच्यावर करणी करते आहे. म्हणून रोज देवाचं नाव घेऊन ती चमच्यानं ठसा मोडायची आणि झाकण लावायची. "आणि खायचं म्हणाल," ती म्हणाली, "तर त्याच्या वासानंच मला शिंका येतात." दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. पण शाळेतून आल्यावर मीठमिरच्यांनी माझी दृष्ट काढणारी तू डोळ्यांपुढे उभी राहिलीस, आणि मी हसू कोणाला? मसाला किती उरला ते मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं, नुसता ठसा पाहत होते. डबा अर्धा झाला होता, तो मीच खाऊन.

आज मॅडमना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, बाईला परत घ्या, आणि नियम आहे तो मला लावा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "स्वतःहून येऊन असं कबूल करणारी माणसं कुठे मिळतात? ती सोमवारपासून येईल. तुम्हाला कशाला पाठवू? तुम्ही राहा."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं. कारण पुढचं फक्त तुलाच सांगण्यासारखं आहे, तुझा नाहीतरी माझ्यावर विश्वास नव्हताच. आज मॅडमकडे जाण्याआधी मी बॅग भरली होती. वहिनीला कळवूनही टाकलं होतं, बहुतेक येतेच आहे म्हणून. अजून सोळा महिने आहेत, आई. त्या "राहा" म्हणाल्या आणि मला तिथेच रडू कोसळलं. त्यांनी उठून मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, मला पश्चात्ताप झाला.