थंड हात

सायगॉन, २ डिसेंबर १९९४

ती. थामताईस,
धाकट्या बेनचा सा. न. वि. वि.

तुझी टोपली काल बसवाल्यानं उतरवली. काटेरी कोथिंबीर ताजी होती, पानांच्या दातांनी बोटं अजून चुरचुरतात. तळाशी केळीच्या पानात तुझं पत्र सापडलं. साउ मावशीनं विचारलं, काय म्हणते ताई? तिला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचतो आणि नको ते गिळतो. तू तिला म्हातारी घार म्हणालीस, ते गिळलं.

काम तेच. बारा रांजण, त्यांत भिजवलेले मूग, वर केळीची पानं आणि बांबूच्या कामट्या घट्ट बसवलेल्या. दाबल्याशिवाय मोड जाड होत नाहीत, आणि उजेड लागला तर हिरवे नि कडू होतात. दर चार तासांनी पाणी घालायचं. चुकलं की आत ऊब साठते आणि रांजण नासतो. परवा नुसता धक्क्यापर्यंत होड्या बघायला गेलो, तर अर्ध्या वाटेतच पाय मागे वळायला लागले. दाराला कुलूप नाही गं, तरी त्या कामट्या माझ्याच छातीवर ठोकल्यासारख्या वाटतात.

मावशी गल्लीभर सांगते, आमच्या बेनचा हात थंड आहे, तो आल्यापासून एक रांजण नासला नाही. कोपऱ्यावरचा फोवाला नाम काका तिला साथ देतो. त्याच्याकडे फोच्या गरम शेवयांच्या वाडग्याआधी आमचे मोड आणि तुझा पाला यांचं ताट गिऱ्हाइकापुढं जातं. काल उत्तरेकडचा एक पाहुणा ते बघून म्हणाला, एवढा पाला आम्ही म्हशीला घालतो. काका म्हणाला, तरीच तुमच्या म्हशी तुमच्यापेक्षा गुटगुटीत.

आपल्या गावच्या खोईचा निरोप आलाय. त्याची मडक्यांची होडी १५ जानेवारीला दक्षिणेच्या ‘का माउ’ गावाकडे सुटते. कामाला माझी जागा राखलीय, पण त्या दिवशी पोचलो नाही तर दुसरा कुणी चढेल. तिथंही रांजणच असतील, पण रिकामे, आभाळाकडे तोंड केलेले. जाऊ का म्हणून मावशीला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, थंड हात देव सगळ्यांना देत नाही, आणि ताट उचलून निघून गेली. आईनं मला टेटपर्यंत, नव्या वर्षाच्या सणापर्यंत म्हणून पाठवलं होतं. मध्ये दोन टेट होऊन गेले.

काहीतरी वाट सुचव. लोभ आहेच तुझा, तो पाल्याखाली दाबून पाठवत जा.

तुझा
बेन


विन्ह लोंग, १० डिसेंबर

चि. बेन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले आणि मग आईपासून लपवलं. मी तिच्याकडे विषय काढून पाहिला. ती म्हणाली, बहीण विधवा, पोर ना बाळ, मी शब्द दिलाय तो मोडायचा कसा? आणि चुलीत फुंकत बसली. मामाचं पोर पाठवू का विचारलं, तर म्हणाली, साउला बेनच हवाय.

इकडे सगळं ठीक. पाल्यातल्या तुळशीवर अळी पडली होती, ती वेचून काढली. तुझ्या भाचीला दात येताहेत, त्यामुळे घरात कुणी झोपत नाही. आता तूच तेवढा एकटा जागा नाहीस. खोई रोज बांधावरून जाताना ओरडतो, येतोय का तुमचा राजपुत्र? मी सांगते, राजपुत्राला मुगांनी कैद केलंय.

खरं सांगू? तुझा हात थंड आहे म्हणून तू अडकलास. एखादा रांजण नासव, म्हणजे हात तापला म्हणून मावशीच तुला हाकलून देईल! गंमत हो, नाहीतर डोक्यात घेशील. वेळेवर जेवत जा. लोभ करावा असं तुला सांगायला नको, तू माझ्याच कडेवर वाढलास.

तुझी
थामताई


सायगॉन, २२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

गंमत म्हणालीस, पण मी ते डोक्यात घेतलं. माझ्यावर राग काढ, पण आधी पूर्ण वाच.

सोमवारी दुपारी मावशी एका अंत्ययात्रेला गेली होती. मी दोन रांजणांना मुद्दाम पाणी घातलं नाही. संध्याकाळची पाळीही चुकवली. मग मी हात घातला तर आतून कढत्या पेजेसारखी वाफ आली. तेवढ्यात मावशी आली. रोजच्यासारखी बाही सावरून तिनं त्याच रांजणात मनगटापर्यंत हात घातला. मी श्वास धरून उभा, आता ओरडेल, मग ओरडेल. ती म्हणाली, छान गार आहे, तुझ्या हाताला तोड नाही.

ताई, तिला काहीच जाणवलं नाही. हात बाहेर काढला तेव्हा लाल झाला होता आणि ती बोलत होती दुसऱ्या दिवशीच्या तुळशीबद्दल. तेव्हा मला एकेक आठवत गेलं. उकळत्या पातेल्याचं झाकण ती फडक्याशिवाय उचलते. मिरची चिरताना बोट कापलं तर रक्त दिसल्यावर तिला कळतं. तिच्या दोन्ही हातांतली जाणीव गेलीय. माझा हात थंडबिंड काही नाही. तिला फक्त ज्याला गरम कळतं असा हात हवाय, आणि हे ती कुणाला सांगत नाही, कारण मोडवालीचा हात मेला हे कळलं तर गल्ली तिच्याकडून मोड घेईल का?

सकाळी दोन्ही रांजण उघडले, तर घाण वास आणि पिवळा चिखल. नाम काकाच्या ताटात त्या दिवशी नुसता पाला गेला, गिऱ्हाइकं कुरकुरली. मावशी त्याच्यापुढं मान खाली घालून म्हणाली, मीच अंत्ययात्रेहून येऊन विटाळाचा हात आत घातला, पोराचा दोष नाही. मी शेजारी उभा होतो. खरं सांगायच्या ऐवजी रिकामी ताटं उचलायला लागलो.

आधी तिनं धरून ठेवलं होतं. आता मला जे कळलंय त्यानं धरून ठेवलंय. खोईला सांग, जागा दुसऱ्याला दे. नाहीतर राहू दे, आत्ताच सांगू नकोस.

लोभ उरला असेल तर असू दे.

बेन


विन्ह लोंग, २ जानेवारी १९९५

चि. बेन,
आशीर्वाद, आणि कानाखाली एक.

तुझ्याइतकाच दोष माझ्या जिभेचा. खोईला मी काही सांगितलेलं नाही. सोबतचा दुसरा कागद मावशीला मोठ्यानं वाच. एक अक्षर गिळू नकोस, आणि वाचताना तिच्या हातांकडे बघू नकोस.

ताई


ती. साउ मावशीस,
थामचा साष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल. इकडची एक गंमत सांगते. काटेरी कोथिंबीर खुडून खुडून माझी बोटं लाकडासारखी झालीत. परवा माझ्या लेकीच्या अंघोळीचं पाणी बोटानं पाहिलं, कोमट वाटलं, आणि पोर अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. आईनं मला सगळ्यांदेखत मूर्खात काढलं आणि म्हणाली, अगं, पाणी कधी बोटानं बघतात का, कोपर बुडव. आता मी रोज कोपर बुडवते. कोपर खोटं बोलत नाही, मावशी. आजीही म्हणे तसंच करायची, म्हणजे तुला हे माहीत असणारच. मीच उशिरा शिकले.

तुझा लोभ आमच्या घरावर आहे, तो तसाच राहू दे.

थाम


सायगॉन, ११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा कागद वाचला. मावशी तुळस निवडत होती. ऐकता ऐकता ती चांगली पानंही कचऱ्यात टाकत होती. शेवटी म्हणाली, थाम लहानपणापासून बडबडी. मला वाटलं, संपलं.

त्यानंतर पाच दिवस माझ्या प्रत्येक पाळीला रांजणांखालची घमेली जागेवरून सरकलेली दिसायची. त्यांत निथळलेलं पाणी साचतं. ते गार येईपर्यंत वरून पाणी घालत राहायचं असतं. आज सकाळी तीन नंबरच्या रांजणाला हात लावण्याआधीच ती आतून म्हणाली, त्याला अजून दोन बादल्या लागतील. मी हात घातला. खरंच गरम होता. वळून पाहिलं तर दारात मावशी, आणि तिची बाही कोपराच्या वरपर्यंत ओली.

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. टोपलीच्या दोऱ्या गोळा करत म्हणाली, मामाच्या पोराला टोपलीबरोबर पाठव म्हणून थामला कळव, बादल्या उचलायला कुणीतरी लागेल, हात कसलाही चालेल. आणि तू असा खांबासारखा का उभा? रिकामी टोपली परवाच्या बसनं गावी जातेय. तीत बस.

म्हणून हे पत्र टोपलीच्या तळाशी नाही, माझ्या खिशात आहे. मीच आणून देईन.

तुझा
बेन