तक्रार शुद्ध मराठीतच नोंदवावी

३ फेब्रुवारी, सोमवार
कॉलनीचा सचिव झालो. अमरावतीत पस्तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं, आता कॉलनीला वळण लावायचं. संकल्प पहिला : तोंडी तक्रारी बंद. लोक भाजी घेताना गाठतात, परवा तर न्हाव्याच्या खुर्चीत गाठलं. आता वेबसाइटवर फॉर्म. तक्रार लिहा, बटण दाबा, मला ईमेल. बायकोला सांगितलं. कुंदा म्हणाली, घरातल्यांनीही फॉर्मच भरायचा का? म्हटलं, नियम सर्वांना सारखा.

५ फेब्रुवारी
फॉर्म तयार. यूट्यूब बघून स्वतः केला. फक्त ईमेल येत नाही.

६ फेब्रुवारी
अकोल्याला मेहुण्याला फोन. शेखरचं तिथं कॉम्प्युटरचं दुकान आहे. म्हणाला, ‘भाऊजी, मेल सर्व्हर जोडलाच नाई तुमी, त मेल काय पायी चालत येईन?’ जोडला. टेस्ट मेल आला. स्पॅममध्ये आला, पण आला.

८ फेब्रुवारी
चौदा ईमेल! तेरा टक्कल घालवण्याच्या तेलाचे. शेखर म्हणाला, नको ते शब्द यादीत टाका, तसे मेल बाजूला पडतील. ‘टक्कल’ टाकला.
चौदावा पुंजाजीचा. आमचा चौकीदार, पाणीही तोच सोडतो. मोबाइलवर बोलतो, मोबाइल लिहितो : ‘सर टाकी फुगून राहिली. मले भेव लागते.’ दोन वाक्यांत चार चुका! टाकीचं नंतर बघू, आधी भाषा. यादीत टाकले : मले, तुले, काहून, राहिली, हाये. आणखीही वीसेक. असे मेल आता ‘अशुद्ध’ नावाच्या फोल्डरमध्ये जातील आणि पाठवणाऱ्याला सूचना जाईल : कृपया शुद्ध मराठीत लिहावे.

१३ फेब्रुवारी
पाच दिवसांत तक्रारी शून्य. माझ्या आधीच्या सचिवाला दिवसाला सहा यायच्या.

१६ फेब्रुवारी
शून्य. टाकीखालच्या बाकावर प्लास्टरचा पोपडा पडलेला, ताटाएवढा. मुलांचा बॉल लागला असणार. टाकीवरची कबुतरंही गेली. बरं झालं, घाण करायची.

१७ फेब्रुवारी
सकाळी पुंजाजी फाटकात उभा. तोंड उघडलं, मी हातानेच थांबवलं. फॉर्म. मोबाइलवर बोलत बोलत परत गेला.

१९ फेब्रुवारी
ठरलं. सत्तावीसला मराठी भाषा गौरव दिन, टाकीखालच्या ओट्यावर. ऐसपैस सावली आहे. कॉलनीतली चाळीस मुलं कविता म्हणतील. पाहुणे धामणगावचे निवृत्त मुख्याध्यापक किसनराव.
कुंदा म्हणाली, ‘टाकीखाली लेकरं बसवता? तिले तडा गेला हाये, दिसत नाई का?’ म्हटलं, फॉर्म भर. म्हणाली, भरला. मला आलेला नाही. म्हणजे भरलेला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

२२ फेब्रुवारी
शिडी लावून स्वतः पाहिलं. तडा वगैरे काही नाही, नुसती भेग. बोट गेलं. मग दोन गेली. बॅनर नेमका तिच्यावर बांधून घेतला. आता छान दिसतं.

२४ फेब्रुवारी
मेल आला! पुंजाजीचा. ‘टाकी पडनार आहे. सत्तावीस तारखेला खाली कोणी बसू नये.’ एवढ्या मजकुरात एकच चूक! डोळे भरून आले. फॉर्मने माणूस घडवला. लगेच उत्तर दिलं : ‘पडनार’ नव्हे, ‘पडणार’. न आणि ण यांकडे लक्ष द्यावे. बाकी उत्तम. दहापैकी आठ.

२६ फेब्रुवारी
बॅनर ओला. रंग ओघळून ‘गौरव’मधला ‘गौ’ गेला. मराठी भाषा रव दिन. रव म्हणजे आवाज. तोही येतो आहे, आतून, करकर असा. पाइप असावा.

२७ फेब्रुवारी, दुपारी ४
ऐंशी खुर्च्या मांडल्या. माइक चालू. शब्दांची यादी लावल्यापासून टाकीबद्दल एकच तक्रार, तीही जवळजवळ शुद्ध. भाषणात हे सांगणार आहे.

२८ फेब्रुवारी
काल पाच वाजले, कोणी आलं नाही. वाटलं, बहिष्कार. नंतर कळलं, पुंजाजी दुपारपासून दारोदार सांगत फिरला होता. मुलं रस्त्यापलीकडच्या मारुतीच्या देवळात, कुंदा त्यांच्याजवळ. किसनरावही तिथंच.
मी रिकाम्या खुर्च्यांसमोर भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला पुंजाजी धावत आला. ‘सर, निंगा!’ मी म्हटलं, ‘निघा’. त्याने माझी कॉलर धरली आणि फरपटत नेलं.
मागे टाकी बसली. पहिल्या पाच रांगा राहिल्या नाहीत. मुलं तिथंच बसणार होती. पुंजाजीचा पाय खांबाखाली आला, दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात गेलो तर तोच विचारतो, ‘सर, तुमाले काई लागलं त नाई ना?’
घरी येऊन ‘अशुद्ध’ फोल्डर उघडला. एकतीस मेल, सगळे टाकीचे. बावीस पुंजाजीचे. नऊ कुंदाचे, या आमच्याच घरातून पाठवलेले. लाज वाटली. फार वाटली.

२ मार्च, रविवार
सचिवपद गेलं. फॉर्म बंद. नवीन कमिटीने फाटकाजवळ खिळ्याला वही टांगली आहे, सुतळीने पेन बांधलेला. कोणीही लिहावं, येईल तसं लिहावं.
संध्याकाळी बघून आलो. पहिली तक्रार माझ्याविरुद्ध आहे. बारा ओळी. खाली सही नाही, पण अक्षर कुंदाचं. दोनदा तपासली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.