एक लाख तीन बटणं

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घालतो आहे, पाठ धरली आहे, का ते पुढे येईल.) गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देते का? इकडे बाकी सगळं ठीक, फक्त मी मुळापासून हादरलो आहे.

लहानपणी तुम्ही माझ्याकडून अविभाज्य संख्या पाठ करून घेतल्यात. सत्त्याण्णवला फळा संपला, तेव्हा मला वाटलं, अविभाज्य संख्याही संपल्या. चाळीस वर्षं मी याच समजुतीवर सुखाने जगलो. मामा, पुढेही आहेत हे सांगायचं नाही का हो?

आमच्या बटणांच्या कारखान्यात नियम असा, की एका मालाची सगळी खोकी सारखी भरायची, सुटं बटण एकही उरता कामा नये. पॅकिंगप्रमुखाची खुर्ची रिकामी आहे आणि तिच्यावर माझा डोळा आहे, तसाच रंगखात्यातल्या त्या माणसाचाही (आम्ही त्याला दीडशहाणा म्हणतो). आज सकाळी मोजणीयंत्राने आकडा दाखवला, १,००,००३. मालकांनी विचारलं, "कोण करतो सारखी खोकी?" मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, एवढी मोठी संख्या! कशाने ना कशाने भाग जाणारच. चारच्या आत करतो."

दोनने भागलं, एक उरलं. तीनने, एक. सातने, पुन्हा एकच. जणू तेच बटण माझ्या मागे लागलं होतं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे वर्गमुळापर्यंत गेलो, सत्त्याण्णवपुढचे नव्याने शोधत तीनशे तेरापर्यंतचे पासष्टच्या पासष्ट अविभाज्य भाजक लावून पाहिले (पाठ तिथे धरली). एकानेही भाग जाईना! अंगापिंडाने भरलेली, पोटात चार शून्यं घेऊन गरीब चेहऱ्याने बसलेली संख्या, आणि आतून ही अशी? दीडशहाणा म्हणतो कसा, "दोनच मार्ग आहेत राव. एक लाख तीन बटणांचं एक खोकं, नाहीतर एकेका बटणाची एक लाख तीन खोकी. कुठलं बांधू?" सगळं खातं हसलं. मालक मात्र हसले नाहीत. "चार वाजेपर्यंत थांबतो, मग खुर्ची याची," एवढंच दीडशहाण्याकडे बोट करून म्हणाले. आता जेवणाची सुट्टी आहे. डबा उघडवत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

तुमचा हवालदिल भाचा

ता. क. १ : सही करताना खाली नजर गेली. मामीने शिवलेल्या शर्टाची तीन बटणं जागेवर नाहीत. सकाळी मोजणीयंत्राच्या तोंडावर ओणवा होऊन डोकावलो होतो (पोट जरा पुढे आलं आहे). धावत जाऊन ढीग उपसला. एक लाख पांढऱ्या बटणांत तीन निळी!

ता. क. २ : शंभर खोकी, प्रत्येकात हजार, बाकी शून्य. मालकांनी पाठ थोपटली (नेमकी दुखरी) आणि खुर्ची दिली. निळ्या बटणांचं मी कुणालाच बोललो नाही. पण दीडशहाण्याने मालकांना पटवलं आहे, की येत्या शनिवारी मी एक लाख तीनला शंभरने निःशेष कसं भागलं, ते सगळ्यांना फळ्यावर दाखवावं. तेव्हा सिद्धता उलट टपाली पाठवा. दोन ओळींत बसली तर बरं.

ता. क. ३ : हे पत्र मामीला दाखवू नका. शर्ट छान बसतो म्हणून सांगा, आणि थोडा जाड दोरा मागून घ्या.