यामिलेसाठी पाणी

३ ऑगस्ट, सोमवार

पोचले एकदाची! लाँचमध्ये शेजारची बाई डुकराची दोन पिलं घेऊन बसली होती आणि त्यातलं एक वाटभर माझे बूट चाटत होतं. पण घर पाहिलं आणि सगळा शीण गेला. मागच्या दाराशी मग्दालेना नदी, पुढे आंबा, आणि मला स्वतंत्र खोली, पंख्यासकट! आईला लगेच फोन केला. ती म्हणाली, पंखा फिरतो का ते आधी बघ. माझ्या आईला विसरणं ठाऊकच नाही. मी सात वर्षांची असताना फोडलेली बशी ती अजून काढते.

सांभाळायचंय घरच्या मालकीणबाईंना, दोन्या बेत्साबेंना. ऐंशी उलटलेली, गोड हसणारी म्हातारी. बऱ्याच वर्षांपासून विसरतात. मुलगी देल्फिना बिनलग्नाची, चर्चमध्ये मुलांना धर्माचे धडे देते. चेहरा असा, की सरबतात साखर घालायची राहिली. पण जेवायला तळलेला मासा आणि उकडलेला युकाचा कंद वाढला, आणि तोही भरपूर. माझं हिच्याशी जमेल.

दिवाणखान्यात मयताचं टेबल मांडलेलं आहे. पांढरी चादर, क्रूस, मेणबत्त्या, एका हसऱ्या पुरुषाचा फोटो. खाली पाण्याचा पेला, त्यात कापसाचा बोळा. गेलेल्याला तहान लागते ना. मी विचारलं, कोण गेलं? देल्फिना म्हणाली, तिचा भाऊ एलिएसेर, नदीत बुडाला. मी हळहळून विचारलं, कधी? तर दीड वर्षापूर्वी!

हे टेबल नऊ रात्रींचं असतं. नवव्या रात्रीच्या पहाटे मेणबत्त्या विझवून ते उचलायचं, दार उघडायचं आणि आत्म्याला म्हणायचं, जा बाबा. दीड वर्ष कोण ठेवतं? पण पहिल्याच दिवशी तोंड कशाला उघडा.

६ ऑगस्ट, गुरुवार

कळलं. न कळतं तर बरं होतं.

रोज सकाळी दोन्या बेत्साबे विचारतात, एलिएसेर उठला का? देल्फिना खोटं बोलत नाही, पाप लागतं. ती सांगते, आई, तो वारला. म्हातारीला ते दर वेळी नव्यानेच कळतं. तिची किंकाळी मी तीन दिवस ऐकतेय. जमिनीवर बसते, डोकं आपटते. मग डोळे पुसून विचारते, माझं लेकरू गेलं आणि घरात प्रार्थना नाही? की झाली पुन्हा पहिली रात्र सुरू. कधी दोन दिवस आठवण राहते. एकदा तर पाचव्या रात्रीपर्यंत गाडी गेली होती. सकाळी पुन्हा, एलिएसेर उठला का?

नववी रात्र या घरात आलेलीच नाही.

प्रार्थना सांगायला येणारी एदिल्मा जाडजूड आणि तोंडाळ आहे. ती म्हणते, तो बिचारा दीड वर्ष टोपी हातात धरून दारात उभा आहे, त्याला कुणी जा म्हणत नाही की बस म्हणत नाही. मी हसले. ती हसली नाही.

पेला रोज सकाळी रिकामा असतो. उकाडाच तसा आहे.

१२ ऑगस्ट, बुधवार

काल म्हातारीच्या कपाळाला खोक पडली. मी देल्फिनाला सुनावलं, की हे तुमचं खरं बोलणं म्हणजे रोज सकाळी आईच्या छातीत सुरी खुपसणं आहे. सांगा की तो बारांक्वियाला गेलाय कामाला. ती रात्रभर झोपली नसावी. आज सकाळी बोलली एकदाचं खोटं. आणि दोन्या बेत्साबे हसल्या! म्हणाल्या, येताना मला चपला आणायला सांग त्याला.

मग त्यांची नजर टेबलाकडे गेली. विचारलं, मग हे कोण गेलंय?

टेबल काढता येत नव्हतं. एदिल्माने आधीच बजावलं होतं, की नवव्या रात्रीआधी उचललं तर आत्मा वाऱ्यावर भटकतो. देल्फिना माझ्याकडे बघायला लागली. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, माझंच नाव ठोकून दिलं, यामिले गेली.

म्हातारीने विचार केला. कोण गं ती? लहान होती का? बिचारी. आणि नाश्त्याला अजून चीज मागितलं.

देल्फिनाला इतकं हसू आलं, की तिने दाराची चौकट धरली. तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मीही पोट धरून हसले. मला म्हातारी ओळखतच नाही, तर रडेल कशाला? अशी सोपी युक्ती दीड वर्षात कुणाला सुचू नये!

१३ ऑगस्ट, गुरुवार

देल्फिनाने माझ्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून टेबलावर ठेवला. निदान बरा फोटो तरी निवडायचा! एदिल्मा तयारच नव्हती. म्हणाली, पोरी, मेणबत्ती आणि नाव हे खेळायचं सामान नाही. देल्फिनाने तिला कोपऱ्यात नेऊन काहीतरी सांगितलं, म्हातारीच्या कपाळावरची जखम दाखवली. मग बसली ती.

माझ्याच मयताला आलेल्यांना मीच कॉफी दिली. एक म्हातारा मला म्हणाला, फार गुणी पोर होती हो. मी म्हटलं, हो, आणि दिसायलाही छान होती. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, हे हात दाखवून अवलक्षण आहे. आजच्या आज त्या टेबलावरून तुझा फोटो उचल. तिला काय कळतंय? सकाळची किंकाळी तिने ऐकलेली नाही.

१६ ऑगस्ट, रविवार

पाचवी रात्र. आश्चर्य म्हणजे म्हातारी विसरत नाही! सकाळी उठून स्वतःच म्हणते, आज यामिलेची पाचवी, कॉफी जास्त टाका. देल्फिना गुणगुणत स्वयंपाक करते. आईला बरं वाटावं म्हणून ती एलिएसेरची ताटलीही मांडते.

पेला आता रिकामा होत नाही. काठोकाठ तसाच. मला मात्र सारखी तहान लागते. माठ संपवला तरी घसा कोरडाच. उकाडा.

१८ ऑगस्ट, मंगळवार

जेवायला तीनच ताटल्या होत्या. म्हातारीची, देल्फिनाची, एलिएसेरची. मी म्हटलं, अहो, माझी? देल्फिना माशातले काटे काढत राहिली. चेष्टा असेल. मी उभ्यानेच खाल्लं, चव लागली नाही.

जेवणं झाल्यावर एलिएसेरच्या ताटलीत काटे होते. नीट चाटूनपुसून. खुर्चीची गादी ओली, हात लावला तर चिखलाचा वास.

तहान— पोट पाण्याने टम्म झालंय आणि जीभ लाकडासारखी. शेवटी टेबलाखालचा तो पेला उचलला आणि प्यायले.

तहान भागली.

१९ ऑगस्ट, बुधवार

दोन्या बेत्साबेंनी मला स्वयंपाकघरात पाहिलं आणि क्रूसाची खूण केली. ओरडल्या, देल्फिना, ती मेलेली पोर चुलीपाशी उभी आहे! देल्फिना म्हणाली, तिकडे बघू नकोस आई, जेव तू.

मी वाट पाहिली, ती आता हसेल—

सामान घेऊन धक्क्यावर पळाले. लाँच आली. हात केला, ओरडले. नावाडी माझ्या आरपार बघत राहिला. गेली लाँच.

आईला फोन लावला. आई, आई म्हणून किती ओरडले. तिने दोनदा कोण म्हणून विचारलं. मग घरात कुणाला तरी सांगितलं, बोलत नाही गं कुणी, नुसता पाण्याचा आवाज येतोय.

माझी आई. जी काही विसरत नाही—

२० ऑगस्ट, गुरुवार

फोटो फाडायला गेले. बोटं फोटोवरून नुसती घसरतात, ओली.

देल्फिना बोलली. माझ्याशी नाही, माझ्या फोटोशी, मेलेल्याची मागतात तशी माफी मागत. म्हणाली, दीड वर्ष रोज सकाळी मी माझ्याच तोंडाने भावाला मारलं. आता तो परत आलाय, आई जेवते, झोपते. नाव तूच दिलंस यामिले, मी मागितलं नव्हतं. तुझ्यासाठी इथे कुणी रडत नाही, मग तुला जड जायचं काय कारण?

आज नववी. एकच उपाय आहे. म्हातारी विसरली तर पुन्हा पहिली रात्र. दिवसभर तिच्या पायाशी बसले. विसर गं, विसर मला. देवा, हिला विसरू दे. सगळं विसरते, मुलाचं मरण विसरली—

संध्याकाळी तिने खाली पाहिलं, हसली. म्हणाली, नाही गं पोरी, तुला कशी विसरेन? तू यामिले. आज तुझी नववी.

२१ ऑगस्ट, पहाट

लिहितेय. लिहितेय म्हणजे आहे.

एदिल्मा मेणबत्त्या विझवतेय. एकेक. तिचे डोळे भरलेत, मान खाली. चादर काढली. फोटो पालथा.

दार उघडलं. नदी पार उंबऱ्यापर्यंत आलीये का? सगळे दोन बाजूंना सरकले, मधे वाट—

पाय आपोआप. चौकट धरलीय, हात निसटतोय—

एदिल्मा पूर्ण नाव घेऊन म्हणतेय, जा पोरी, मागे बघू नकोस—

मागे पाहिलं. टेबलापाशी तो बसलाय, फोटोतल्यासारखाच हसतोय. दोन्या बेत्साबे त्याचे ओले केस पुसतायत. म्हणाल्या, एलिएसेर, ती गेली की दार लावून घे रे, गार वारा ये—

नाही— मी अजून इथंच आहे, मी अजून लिहि